गोलकीपरचा नंबर लागला

“सर, भाषण मुझे देना है?”

मंचामागे, कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर, प्रमुख पाहुण्याने मला हा प्रश्न विचारला. पाहुणा म्हणजे देशाकडून हॉकी खेळलेला गोलकीपर. समोर सभागृहात रायपूरच्या सरकारी शाळांचे शिक्षक खच्चून भरलेले. त्यांना प्रेरणा द्यायला त्याला बोलावलं होतं. मी म्हटलं, “तो क्या मैं दूँ?”

“सब जगह शाल देते हैं, नारियल देते हैं, साहब लोग बोलते हैं, फिर खाना लग जाता है। मेरा नंबर आज तक आया ही नहीं।”

घ्या! मी शिक्षक प्रशिक्षणाचा प्रभारी. राज्य नवं होतं. कोणता साहेब कोणाच्या वर, हेच ठरलं नव्हतं, म्हणून कोणी रुसू नये यासाठी सगळ्यांच्याच हातून पाहुण्याचा सत्कार व्हायचा. त्यातच जेवणाची वेळ होऊन जायची. यंदा मी हट्टाने सगळे सत्कार कापले होते, पाहुण्याला बोलायला मिळावं म्हणून. आणि पाहुणा मागचं दार शोधत होता.

त्यात माझं दुसरंच दुखणं. सुनंदा वैद्य मॅडम. पाचवीला गणित शिकवायच्या, राहायला चौबे कॉलोनीत. सकाळीच मला म्हणाल्या होत्या, “सर, मले अटॅच करून टाका. घसा फाटून राहिला माया, अन् पोट्टे खिडकीबाहेर पाहून राहिले. शिकवलं काय, नाही शिकवलं काय, कोणाले फरक पडते?”

अटॅच म्हणजे नाव शाळेत, खुर्ची ऑफिसात. नव्या राजधानीत ऑफिसं उघडली होती, खुर्च्या आल्या होत्या, माणसं नव्हती. मग शिक्षक उचलायचे. आमचे डायरेक्टर साहेब तर टपूनच बसले होते. कार्यक्रम संपला की मॅडमची ऑर्डर. तशी गणिताची बाई मी दुसरी पाहिली नाही. ती वर्गातून जाणार म्हणून माझा जीव तुटत होता.

पण आधी समोरची आग. मी मॅडमना मागे बोलावलं. “मॅडम, हा पोट्टा फेल आहे. पाहा काही होते का.”

त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हाथ जेब से निकालो। सीधे खड़े रहो।”

देशाचा गोलकीपर सरळ उभा राहिला.

आता वेळ काढायचा कसा? मी माईक घेतला आणि साहेबांचा सत्कार जाहीर केला. शाल एकच, नारळ एकच. साहेबांनी तीच शाल काढून जॉइंट डायरेक्टरला घातली. त्याने इंजिनियरला. इंजिनियरने माईकवाल्याला. पंडरी बाजारातला एक कापडवाला मंचाचा पडदा लावायला आला होता, त्यालाही धरला. तो सगळ्यात जास्त बोलला. कोण, कशासाठी, कोणी विचारलं नाही. शिक्षक सवयीने टाळ्या वाजवत राहिले.

मी मधूनच मागे डोकावलो. “खेल में अनुशासन का...” गोलकीपर घोकत होता.

“रटना बंद,” मॅडम कडाडल्या. “पेनल्टी कैसे रोकते हो? मुझे हॉकी नहीं आती, मुझे समझाओ।”

“बॉल नहीं देखता मैडम, मारने वाले का कंधा देखता हूँ।”

“हव! यही बोलना है। फिर से। आवाज आखिरी बेंच तक जाना चाहिए।”

नारळ साहेबांकडे परत आला तेव्हा मी पाहुण्याला पुढे ढकललं. खांद्याचं वाक्य झकास झालं. पुढच्याला गडी अडकला. त्याने बाजूला पडद्याकडे पाहिलं.

“फिर से!” मॅडम पडद्याआडून ओरडल्या. माईकने ते सगळ्या सभागृहाला ऐकवलं. हशा पिकला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

गोलकीपर मात्र शहाण्या पोरासारखा पुन्हा पहिल्यापासून बोलला. पूर्ण बोलला. मग म्हणाला, “मैं बहुत बार भूला, मैडम ने छोड़ा नहीं। स्कूल में ऐसी मैडम मिली होतीं तो मैं पढ़ लेता, गोलकीपर काहे को बनता?”

सभागृह उभं राहिलं. पडद्याआड मॅडम पदराने डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

जेवताना साहेब म्हणाले, “मैडम, सोमवार से ऑफिस।”

“नहीं साहब। सोमवार को पाँचवीं में भिन्न शुरू करना है।” भिन्न म्हणजे आपले अपूर्णांक. एवढं बोलून बाई वाढपाच्या रांगेत लागल्यासुद्धा.

साहेब माझ्यावर उखडले. “ये हीरो प्रेरणा देने आया था कि मेरा आदमी ले जाने?”

मी भात कालवत राहिलो. पुढे मी पुष्कळ पाहुणे बोलावले. दरवेळी आधी एकच चौकशी करायचो, याला भाषण येतं का? येत असेल तर दुसरा शोधायचो.