कंट्रोलचा तांदूळ

माझ्या सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, मी पुण्याहून आलेली सून. बसवनगुडीतल्या त्यांच्या गच्चीवर मी एका पावसाळ्यात कुंड्यांमध्ये भात लावला. हौस नव्हे. संस्थेने आमचं रोपांचं जाळीघर पार्किंगसाठी पाडलं आणि माझे गाइड शांतपणे म्हणाले, "घरी गच्ची असेल ना?"

कॅडमियम हा विषारी धातू भाताचं रोप मातीतून किती ओढून घेतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. हा हंगाम हातचा गेला, तर पीएचडीही गेली.

माती देवनहळ्ळीची. ओळखीच्या एका गृहस्थांनी शेत लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडायला, देण्याआधी पोती भरून दिली, वर मातीच्या शुद्धतेची शपथही घेतली. संस्थेतलं माती तपासायचं यंत्र बिघडलेलं, आणि भात काही यंत्रासाठी थांबत नाही. निम्म्या कुंड्यांत मी कॅडमियम घातलं आणि त्यांवर त्याची खूण लिहिली, इंग्रजीत सी आणि डी. बाकीच्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या आणि त्यांवर लिहिलं 'कंट्रोल'. अक्कांना बजावलं, "त्या सीडीवाल्यांत धातू आहे, हात लावू नका." जन्मभर तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलेल्या बाईला धातूचं कसलं भय?

एका संध्याकाळी घरी आले तर गच्चीवरून स्तोत्रं ऐकू येत होती. वर जाऊन पाहते तो अक्का खुर्ची टाकून बसलेल्या, शेजारी त्यांचा जुना प्लेअर, आणि प्लेअरचं तोंड नेमकं सीडीवाल्या कुंड्यांकडे.

"तूच लिहिलंयस ना, यांना सीडी लावायची म्हणून," त्या म्हणाल्या. "पण पानं पिवळी पडतायत गं. आवाज स्वल्प वाढवू का?"

मला इतकं हसू आलं की समजावून सांगायचं राहूनच गेलं. गाण्याने रोपांचं काय बिघडणार होतं?

नव्याच्या पौर्णिमेला मात्र माझं हसू आटलं. नव्या तांदळाच्या खिरीचा नैवेद्य असतो. मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा अक्का लोंब्या चोळून दाणे काढत होत्या. गच्चीवरच्या लोंब्या, सीडीवाल्या. मी सूप हिसकावून घेतलं. माझा आवाज चढला होता.

"विष आहे ते, अक्का!"

"देवाची सीडी ऐकलेला भात विष कसा होईल?"

"मग शेजारच्या कुंड्यांतला का नाही घेतला?"

"तो कंट्रोलचा," अक्का तुच्छतेने म्हणाल्या. "रेशनचा तांदूळ देवाला घालू?"

आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, हे पीएचडीच्या नादात मी साफ विसरले होते. मी पुष्कळ समजावलं. शेवटी त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि कंट्रोलच्या मूठभर दाण्यांची खीर झाली. अक्कांनी देवाची माफी मागितली ती माझ्या देखत, मोठ्याने.

उरलेलं पीक मी प्रयोगशाळेत दिलं. आकडे आले. कॅडमियम सीडीवाल्या भातात होतं आणि कंट्रोलमध्येही होतं. थोडंथोडकं नव्हे. देवनहळ्ळीची माती मुळातच नासलेली निघाली. तुलनेला काही उरलंच नाही. गाइडांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला बरी बातमी असेल.

घरी येऊन मी रडले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "कंट्रोलचं ते कंट्रोलचंच."

मग जवळ बसून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पुन्हा लाव. सरांशी मी बोलते. पण या खेपेला माती कुठली आणशील?"

मला स्वच्छ मातीच्या एकाही गावाचं नाव सुचेना. आणि कंट्रोलची ती खीर तर घरात सगळ्यांनी खाल्ली होती, मी दोनदा घेतली होती.