दाढ, सुळा आणि दुधाचा

दुसऱ्या मजल्यावरच्या दातवाल्या ताई नवऱ्याला ताटल्या फेकून मारतात, अशी बातमी आमच्या जिन्यात आठवडाभर फिरत होती. बातमीला साक्षीदार होता. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी सकाळी मैदानाच्या कडेने जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की ताई एका टोकाला, भाऊजी दुसऱ्या टोकाला झाडापाशी, आणि मधल्या हवेतून एक ताटली भाऊजींच्या रोखाने निघालेली. पुरावाही होता. त्याच दिवशी भाऊजी लंगडत जिना चढले होते. मला दुःख झालं ते एवढंच, की समोरासमोर दार असून ही बातमी माझ्यापर्यंत सगळ्यांच्या शेवटी पोचली.

मी लगेच साखरेची वाटी घेऊन गेले. घरात साखर होती, पण रिकाम्या हाताने चौकशी करणं बरं दिसत नाही.

"भाऊजींना लागलं म्हणे, ताई?"

"लागलं. सांगितलं होतं तिथे उभे राहिले नाहीत, मग लागणारच."

"पण ताटलीच का फेकायची? लाटणं काय वाईट?"

ताईंनी हातातला प्लास्टरचा जबडा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी अक्कलदाढच हलतेय. मग खुंटीवरची पिशवी काढून टेबलावर उपडी केली. आतून रंगीत प्लास्टिकच्या चकत्या घरंगळल्या. "ताटलीत जेवतात," त्या म्हणाल्या, "या फेकतात. आणि नवऱ्याला नाही, टोपलीत. नवरा मधे आला तर तो त्याचा प्रश्न."

आतल्या खोलीतून भाऊजी म्हणाले, "मी मधे नव्हतो. मी बाजूला होतो. चकती मधे आली."

तर खुलासा असा. मैदानाच्या पलीकडे झाडांमधून लोखंडी टोपल्या रोवल्या आहेत, वर साखळ्या लोंबतात. लांबून चकती फेकत फेकत टोपलीपर्यंत जायचं आणि साखळ्यांवर आपटून ती आत पाडायची. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. आणि आमच्या ताई, ज्यांना बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणताना खांदा दुखायचा, त्यात तरबेज आहेत.

ताईंचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दाताचे डॉक्टर माप पाठवतात, ताई प्लास्टर ओततात, मेणात दात बसवतात, गुलाबी हिरडी चढवतात. घराची पुढची खोली म्हणजे कारखाना. तिथे फळीवर अख्ख्या गावाचे जबडे ओळीने हसत बसलेले असतात. पाहुणे चहा प्यायला बसले की पाठ भिंतीकडे करून बसतात. कोणी म्हणालं, "दात कोरून पोट भरत नाही," की ताई म्हणतात, "आमचं भरतं. मुलीचं शिक्षणसुद्धा झालं." भाऊजी पाण्याची मीटरं वाचायच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पॉलिशच्या चाकावर बसतात. तयार कवळीची कड कुठे टोचू नये म्हणून ती घासून गुळगुळीत करणं हे त्यांचं खातं. रिकामं बसणं त्यांना जमत नाही. काही नसलं तर दाराची कडी घासतात.

ताई या खेळात शिरल्या त्याही एका कवळीमुळेच. सायकल दुरुस्तीवाले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले, की तुमची कवळी ढिली आहे, चकती फेकताना तोंडातून निसटते. काल तर चकतीपेक्षा लांब गेली. ताईंनी ठणकावलं, की माझी कवळी निसटत नाही, तुम्ही काहीतरी अचाट करत असणार, दाखवा. आणि खरोखरच त्या मैदानावर बघायला गेल्या. गृहस्थांनी फेकून दाखवलं. ताई म्हणाल्या, "जबडा इतका आवळून कोण फेकतं? द्या इकडे." पहिलीच चकती झाडात अडकली. ती काढायला शिडी आणली, दुसरी गटारात गेली, आणि त्या दिवसापासून ताई काही परत आल्या नाहीत. म्हणजे जेवायला येतात. ते सायकलवाले आता संघाचे कप्तान आहेत. कवळी ताईंनी घट्ट करून दिली, आणि वाद झाला की ताई आठवण करून देतात, "तोंड उघडताय ते माझ्या कृपेने, हे विसरू नका."

आता पिशवीतल्या चकत्यांची ओळख करून देते, कारण पुढचं रामायण त्यांच्यावरूनच झालं. अगदी लांबच्या पल्ल्याची चकती वेगळी, टोपलीजवळ अलगद टाकायची वेगळी. मधल्या पल्ल्याच्या चकतीला खेळणारे फेअरवे ड्रायव्हर म्हणतात, आणि खरी अक्कल हिच्यात लागते. ताईंकडे त्या तीन. उजव्या हाताने, पाठ वळवून फेकलेली चकती वेगात असताना उजवीकडे झुकू पाहते आणि दमली की डावीकडे पडते. किती झुकेल आणि किती पडेल, हा जिचा तिचा स्वभाव.

पहिली दाढ. हट्टी. उजवीकडे बघतसुद्धा नाही. सरळ निघते आणि शेवटी डावीकडे वळून धपकन बसते. दुसरी सुळा. नवा, चकचकीत, नाकासमोर जाणारा आणि शेवटी जरासाच डावीकडे कलणारा. तिसरी चकती सगळ्यांत जुनी. झाडांवर, दगडांवर आणि एकदा दूधवाल्याच्या किटलीवर आपटून आपटून कड खरवडलेली. हिचं नाव दुधाचा, कारण ती पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी जराशा धक्क्यानेही कलते. नवी होती तेव्हा हीही सरळ जायची, पण मार खाऊन स्वभाव असा मऊ झाला, की हातातून सुटली की उजवीकडे झुकते ती झुकतच जाते.

"पण यावर आकडे छापलेत की, कोण किती वळतं त्याचे," मी म्हणाले.

"ते कंपनीचं म्हणणं. स्थळ आलं की मुलगाही शांत स्वभावाचाच असतो."

म्हणून ताई स्वतः ताडून बघायच्या. एकाच जागी उभं राहून, एकाच जोराने, तिन्ही चकत्या पुन्हा पुन्हा फेकायच्या. आणि कुठली कुठे पडली याची खूण म्हणून भाऊजी तिथे काय ठेवत होते सांगू? फळीवरचे जुने प्लास्टरचे जबडे! डावीकडे दाढेचे जबडे, मध्ये सुळ्याचे, उजवीकडे झाडांमागे दुधाच्याचे. सकाळी फिरायला येणारे लोक दव पडलेल्या गवतात दात विचकलेल्या तीन रांगा बघून रस्ता बदलायचे. शिंपीणबाईंचीही नजर आधी त्यावरच गेली असणार. मग उडती ताटली दिसल्यावर त्यांनी जो हिशेब जुळवला, त्यात त्यांचा काय दोष?

आता मुद्द्याचं. शेजारच्या गावाशी सामना ठरला होता. संघ चौघांचा. तिघे नक्की होते, चौथ्या जागेसाठी ताई आणि पोस्टमन. पोस्टमन उंच, हात ताडासारखे, वयाने ताईंहून बराच लहान. ताईंना ही जागा किती हवी होती ते मी बघत होते. ताई तशा कशाचं मनावर घेत नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. कप्तानांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ताई, या वयात तुम्ही जवळच्या खुणेवरून खेळा, हौस म्हणून." हौस! हा शब्द ताईंच्या दाताखाली खड्यासारखा आला होता.

निकाल एकाच टोपलीवर लावायचं ठरलं. ही टोपली झाडांच्या रांगेमागे उजवीकडे दडलेली. सरळ फेकलं तर समोरच्या झुडपात, डावीकडे गेलं तर खड्ड्यात. बरोबरी झाली तर जागा पोस्टमनची. ताई मात्र खुशीत होत्या. ही टोपली म्हणजे दुधाच्याचं माहेर.

रविवारी मीही गेले. थर्मास कोणीतरी धरायला हवा होता.

पोस्टमनने पहिली फेक अशी मारली, की आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो. कप्तानसुद्धा, पण कवळी जागेवर राहिली. चकती झाडाच्या बुंध्याला थडकली खरी, तरी पुढच्या दोन फेकींत त्याने टोपली गाठली. एकूण तीन. म्हणजे ताईंना दोनच.

ताईंनी पिशवीतून दुधाचा काढला आणि त्या थबकल्या. चकती आरशासारखी झळकत होती. एक ओरखडा नाही, एक खरवड नाही.

"हे काय?"

भाऊजी खुशीत पुढे आले. "काल दुपारी तू झोपली होतीस ना, तेव्हा बसलो चाकावर. आधी पावडर, मग लोकरीचा नमदा. कड फार खडबडीत झाली होती गं. म्हटलं, टोचत असेल."

"कोणाला? हवेला?"

भाऊजींचा चेहरा उतरला. कप्तानांनी चकती हातात घेऊन फिरवली. चाकाच्या उष्णतेने कड एका बाजूला लाटेसारखी वाकली होती. "ताई, घासून आकार बदललेली चकती सामन्यात चालत नाही. आणि ही आता उडेल असंही वाटत नाही." ताईंनी खात्री करायला बाजूला एकदा फेकून पाहिली. दुधाचा डळमळला, आडवा झाला आणि चाकासारखा धावत जो गेला तो तळ्याकाठच्या बदकांमध्ये. बदकं तक्रार करत पांगली.

कोणी हसलं नाही. मी हसले, पण थर्मासच्या आड.

"परवाच्या त्या आजींची कवळीसुद्धा तुम्ही इतकी मन लावून घासली नव्हती," ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर भाऊजी जास्त घाबरले.

उरल्या दाढ आणि सुळा. दाढ जाणार खड्ड्यात, सुळा झुडपात. पोस्टमन भला माणूस, तो म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी खेळू." कप्तान मान डोलावणार तेवढ्यात ताई गर्रकन नवऱ्याकडे वळल्या.

"तुम्ही लंगडत घरी आलात त्या दिवशी नडगीवर कोण बसलं होतं?"

"सुळा," भाऊजी म्हणाले. नडगी अजून निळी होती, त्यांनी पायजमा वर करून दाखवली.

"पण तुम्ही तर झाडांमागे उभे होतात, दुधाच्याच्या रांगेत."

"म्हणूनच तर उभा होतो! म्हटलं, सुळा काही इथवर वळत नाही. आणि तो आला की झाडं चुकवून."

"वारा कुठून होता?"

भाऊजींनी डोळे मिटले. "माझ्या पाठीमागून. माझी टोपी उडून तुझ्या पायाशी आली होती."

"म्हणजे मला समोरून," ताई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे लकाकले. समोरून वारा असला की चकतीला वाटतं आपण फार वेगात आहोत, आणि सरळमार्गी चकतीही मवाळ होऊन उजवीकडे झुकते. हे मला ताईंनी नंतर समजावलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की त्यांनी कामाच्या झग्याच्या खिशातून निळ्या कागदाची पट्टी काढली. गिऱ्हाइकाला चावायला देतात ती, कुठला दात उंच लागतोय ते बघायला. पट्टी दोन बोटांत धरून त्या उभ्या राहिल्या. पट्टी लोंबत होती. मेल्यासारखी.

"ताई, आज फेकायचंय ना?" कप्तान म्हणाले.

"माप बसल्याशिवाय मी कवळी देते का कोणाला? थांबा."

आम्ही थांबलो. बदकं परत येऊन बसली. मी कप्तानांना चहा दिला, म्हणजे त्यांचं तोंड कामात राहील. आणि मग पट्टीचं टोक हललं, उचललं आणि ताईंच्या मनगटाला चिकटलं. वारा समोरून. ताईंनी पट्टी माझ्या हातात कोंबली, दोन पावलं टाकली, आणि सुळा सोडला.

तो सरळ झुडपाच्याच रोखाने निघाला. भाऊजींनी डोळे झाकून घेतले. मग सुळ्याने, जणू कोणी हाक मारली, अशी उजवीकडे मान वळवली. झाडांच्या टोकाला वळसा घातला, आणि दमल्यावर जाता जाता जरासा डावीकडे कलून पलीकडे उतरला. आम्ही सगळे पळत गेलो. मी तर थर्माससकट. चकती टोपलीपासून चार पावलांवर गवतात निवांत पडली होती. जवळची चकती घेऊन ताईंनी ती चार पावलं इतक्या सहज संपवली, की साखळ्या खणखणल्या तेव्हाच आम्हाला कळलं.

पोस्टमनने आधी हात मिळवला. कप्तान म्हणाले, "चौथी जागा ताईंची." मग जरा थांबून, "मी हौस म्हणालो होतो ते..."

"ते गिळा आता. कवळी घट्ट आहे, त्रास होणार नाही."

परतताना भाऊजींनी बदकांमधून दुधाचा शोधून आणला होता. तो आता ताईंच्या टेबलावर असतो. त्यात दात बसवायचं मेण ठेवतात, आणि पॉलिश इतकं झालंय की ताई त्यात बघून केस नीट करतात. भाऊजींना दाढेपासून लांब ठेवलंय. दाढ आणि पॉलिशचं चाक दोन वेगवेगळ्या खोल्यांत आहेत.

जिना चढताना मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काय ताई, शेवटी नव्यानेच जिंकून दिलं ना? जुनं घासून उपयोग नाही, हेच खरं. मग घरातल्या जुन्याचं काय करताय? बदलताय की अजून पॉलिश?"

भाऊजी मागून पिशवी घेऊन लंगडत येत होते. ताईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, खांद्याला अडकवली, आणि कुलपात किल्ली फिरवता फिरवता मला म्हणाल्या,

"हे बघ, कितीही हट्टी चकती असली तरी आपटून आपटून मऊ होते. तुझी जीभ इतकी वर्षं सगळ्यांच्या दारांवर आपटतेय, तिच्यावर अजून एक ओरखडा उठला नाही. उद्या ये, तिलाच चाकावर धरू."