वाढत्या मापाचे चौदा जोड

मेल्विन सरांनी पिशवीतून तीन फुटबॉल शूज काढले आणि माझ्या काउंटरवर ओळीने ठेवले. तिन्हींची पुढच्या टोकाशी शिवण उसवलेली. लेसच्या खाली, बुटाच्या वरच्या भागावर, आडवी चीर.

"अठरा दिवस झालेत मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाला होतात, दोन सीझन जातील."

म्हणाले होते. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना चांगलं ठणकावून म्हणाले होते.

भाईंदर पश्चिमेला माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. सासरे शाळेचे बूट विकायचे, मी त्यात बॅट, बॉल, शूज आणले. बावीस वर्षं झाली. मेल्विन सर उत्तनच्या एका शाळेत पी.टी. शिकवतात. त्यांनी तेरा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल टीम उभी केली. चौदा मुली. बहुतेक मच्छीमारांच्या घरच्या, दोन-तीन रत्नागिरीकडून येऊन इथे राहिलेल्या. वर्षभर त्या अनवाणीच खेळल्या. पण शाळाशाळांच्या स्पर्धेत अनवाणी उतरू देत नाहीत. शाळेचा एक जुना विद्यार्थी जहाजावर नोकरीला आहे, त्याने चौदा जोड घेऊन दिले. शनिवारी पहिली मॅच होती. तो सुट्टीवर आला होता आणि बघायला येणार होता. सर माझ्याकडे आले तो सोमवार.

"फाटक्या बुटांनी उतरवू का त्यांना?" सरांनी विचारलं. "रेफ्री बाहेर काढेल. आणि तो माणूस पुढच्या वर्षी कशाला काही देईल?"

सर आवाज चढवत नाहीत. त्यामुळे जास्त लागतं.

मला लागण्याचं आणखी एक कारण होतं. हे बूट मी निवडले होते, सरांशी भांडून. सरांना हवे होते लांब स्टड्सचे. स्टड्स म्हणजे तळाला असतात त्या गुठळ्या. टीव्हीवरच्या खेळाडूंच्या बुटांना त्या लांब असतात, कारण ते ओल्या मऊ गवतावर खेळतात आणि गुठळी मातीत रुतावी लागते. उत्तनच्या मैदानात गवत नाही. कडक माती आणि शिंपल्यांचा चुरा. तिथे लांब स्टड रुतत नाही, उलटा तळपायात घुसतो, आणि वळताना घोटा मुरगळतो. मुलं टाच दुखते म्हणतात आणि घरचे म्हणतात, नाटकं करतो. अशा जमिनीला टर्फ शू लागतो. त्याच्या तळाला रबराच्या बारीक-बारीक पुष्कळ गोळ्या असतात. स्वस्तही पडतो. शिवाय मी शिवलेल्या सोलचा निवडला होता, कारण नुसता चिकटवलेला सोल उन्हात आणि खाऱ्या हवेत लवकर सुटतो. सरांना पटवायला मला अर्धा तास लागला होता. शेवटी ते म्हणाले होते, "ठीक आहे, तुमच्या जबाबदारीवर."

तर जबाबदारी आता काउंटरवर पडली होती, तीन नग.

सर गेल्यावर मी आधी डिस्ट्रिब्युटरला फोन लावला. त्याने जे ऐकवायचं तेच ऐकवलं. माल चांगला आहे, बाकी कुठून तक्रार नाही, और मॅडम, बच्चे लोग जूते की हालत क्या करते हैं आपको तो पता है. मी त्याला चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला. मग चष्मा लावून बूट हातात घेतला.

बूट वाकतो तिथे घडी पडते. ती कुठे पडली आहे हे बघायचं असतं. पायाची बोटं जिथे वाकतात, म्हणजे चवड्यावर, तिथेच बूटही वाकावा म्हणून सोल तिथे लवचीक ठेवलेला असतो आणि मागे कडक. या तिन्ही बुटांची घडी दोन बोटं मागे होती, कडक भागावर. जिथे वाकायला नको तिथे रोज हजारदा वाकवला तर कितीही चांगला माल चिरेल. आणि टोक उसवलं होतं ते पुढून. जणू कोणी नुसत्या टोकाने जमीन खरवडत होतं.

डिस्ट्रिब्युटर खरं बोलत होता. बुटात दोष नव्हता. त्या बुटात योग्य पाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान नवऱ्यावर सोडून, ते तीन बूट पिशवीत घालून मी उत्तनला गेले. शाळेच्या वाटेवर बोंबील वाळत घातले होते आणि त्याच बांबूंवर, बोंबलांच्या शेजारी, लेस बांधून एक ओळखीचा जोड लटकत होता. भर उन्हात. ते सरांना नंतर सांगू म्हणून मी मनात नोंद केली.

मैदानावर मुलींची प्रॅक्टिस चालू होती. पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. सगळ्यांत लहान चणीची एक मुलगी उजवीकडून पळत होती, टीममध्ये सगळ्यांत वेगवान, आणि पळताना दर आठ-दहा पावलांनी तिचं टोक अडकत होतं. दोनदा पडली. उठली, गुडघे झटकले, परत पळाली. तिचं नाव रेनिशा. तिच्याकडे बघून एक उंच मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तिचा बूट आधी पोचतो, ती मागून येते." सगळ्या हसल्या. रेनिशाही हसली.

मी तिला खाली बसवलं आणि बूट काढायला सांगितलं. ती काढेना. सरांनी सांगितल्यावर काढला. मी आत हात घातला तर टोकात काहीतरी कोंबलेलं. बाहेर ओढलं. नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा तुकडा, नीट घडी करून, दोरा गुंडाळून बसवलेला. तिच्या बाबांनी केला होता. काम सफाईदार होतं.

मग मी बुटातली आतली गादी काढली. ही युक्ती घरीही करता येते. गादी बाहेर काढायची, जमिनीवर ठेवायची आणि मुलाला तिच्यावर उभं करायचं. अंगठ्याच्या पुढे एक बोट जागा उरली तर बूट बरोबर. रेनिशाच्या अंगठ्यापुढे माझी तीन बोटं मावली.

चौदाही जणींचे बूट काढायला लावले. कोणाच्या टोकात कापूस, कोणाच्या मोजा, कोणाच्या वहीचे कागद. अठरा दिवसांत एकीनेही तक्रार केली नव्हती. सरांनी वाटताना विचारलं होतं, होतायत का, आणि चौदा जणी "हो सर" म्हणाल्या होत्या. नाही म्हटलं तर बूट परत जातील, हे त्यांना न सांगता माहीत होतं.

"पण नंबर तर त्यांनीच सांगितले होते," सर म्हणाले.

रेनिशाची आई तिला न्यायला आली होती. हातात मासळीची रिकामी टोपली. मी तिला विचारलं, हिच्या शाळेच्या बुटाचा नंबर काय? म्हणाली, एक. मग मला दोन का सांगितला, सरांनी विचारलं.

"मीच सांगलं तिला, एक मोठा सांग," ती म्हणाली. "बूट एकदाच मिलनार. परत कोन देनार हाय?"

सर म्हणाले, "आणि मी तिचे तीन लिहिले. यादी करताना सगळ्यांचाच एकेक वाढवला. वर्षभर चालायला पाहिजेत ना."

आता दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी डोळे चुकवले नाहीत, पण चुकवावेसे वाटले. सरांची यादी आल्यावर मी काय केलं होतं? फुटबॉलचे मोजे जाड असतात, मुलं वाढती आहेत, म्हणून प्रत्येक नंबरात एक मिळवून ऑर्डर टाकली होती. सासरे शाळेच्या बुटांना नेहमी असंच करायचे आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. यादीत मोठमोठे नंबर बघून मला खटकायलाही हवं होतं. खेळणाऱ्या मुली, असतील मोठ्या पायाच्या, म्हणून मी पुढे गेले होते.

"तिसरा माझा," मी म्हटलं.

एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. आई, सर आणि मी, तिघांनी आपापल्या शहाणपणाने एकेक भाग घातला, आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या पायापुढे एक अख्खा इंच रिकामा सोडला. टिकावेत म्हणून मोठे घेतले आणि मोठे घेतले म्हणूनच ते फाटले. शाळेचा बूट थोडा सैल चालतो, त्यात फार तर टाच घासते. फुटबॉलचा बूट पायाला धरून बसावा लागतो.

तिथेच प्रत्येकीचा पाय मोजला. मोजे घालून, भिंतीला टाच टेकवून, उभं राहून. प्रॅक्टिसनंतरच मोजायचा, कारण तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. दोन पायांत जो मोठा तो धरायचा. मग चौदा जोड मधे ठेवून अदलाबदल सुरू केली. लहान मुलींसाठी आलेले बूट मोठ्या मुलींना नीट बसले. अशी चौघींची सोय झाली. उरल्या दहा जणी, आणि उरलेले दहा जोड त्यांच्यापैकी कोणाच्याच मापाचे नव्हते.

बुधवारी परत डिस्ट्रिब्युटरला फोन. या वेळी आवाज खाली ठेवून. लहान नंबर तीन दिवसांत मिळतील का, असं विचारल्यावर तो हसला. लहान नंबर त्याच्या गोडाउनमध्ये पडूनच असतात, कारण सगळेच मोठे नेतात. जुना स्टॉक म्हणून त्याने भावही कमी लावला. त्या दहा जोडांचा खर्च मी सोसला. त्या इंचात माझाही हिस्सा होता. मोठे दहा जोड परत दुकानात घेतले, तीन शिवून घेतले. मिरा रोडला संध्याकाळी टर्फवर ऑफिसवाले खेळायला जातात, त्यांचे पाय याच मापाचे असतात. अठरा दिवस वापरलेले आहेत असं सांगून, किंमत पाडून, दिवाळीपर्यंत सगळे गेले.

गुरुवारी मी नवे दहा घेऊन उत्तनला पोचले. रेनिशाने एक नंबरचा बूट घातला, दोन उड्या मारल्या आणि पळत सुटली. तिची आई मात्र खोका हातात घेऊन उभी राहिली.

"बाय, दोन नंबर तरी द्या," ती म्हणाली. "हा कदी पुरायचा? चार म्हयन्यात पाय वाढल."

"वाढला की हा परत करायचा आणि दोनचा घ्यायचा."

"आन तो देनार कोन?"

याचं उत्तर सरांनी शोधलं होतं. वाटेत फोनवर आमचं तेच बोलणं झालं होतं. बूट मुलींच्या नावावर द्यायचेच नाहीत. ते शाळेचे. खोक्यावर मुलीचं नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा. पाय वाढला की पुढचा नंबर घ्यायचा, आपला मागचीला द्यायचा. सरांनी पी.टी.च्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. वरच्या दोन कप्प्यांतले बॉल आणि सरावाचे प्लॅस्टिकचे शंकू काढून त्यांनी जागा केली होती.

तिने कपाट वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चावी कोनाकडं?"

"माझ्याकडे," सर म्हणाले.

"तुमी बदलून गेल्यावर?"

सरांनी रिंगमधून जादा चावी काढली आणि टीमच्या कॅप्टनला दिली, तीच ती उंच मुलगी. रेनिशाच्या आईने खोका सरांच्या हातात ठेवला. "एकच र्‍हाऊ दे मग," ती म्हणाली.

हे मी दुकानात बसून कधीच शिकले नसते. माझ्याकडे बेव्हर्ली पार्कच्या सुखवस्तू घरांतल्या आयाही येतात. मुलगा अकॅडमीत जातो, बूट भारीतले, तरी एक नंबर मोठाच मागतात. मी त्यांना घडी आणि सोल समजावते, त्या ऐकून घेतात आणि मोठाच नेतात. सवय लागलेली असते. कोणाच्या तरी लहानपणी दुसरा जोड आलेला नसतो. समजावून ती जात नाही. दुसरा जोड कपाटात दिसला तर जाते, निदान एकीची गेली.

शनिवारची मॅच आम्ही एक-शून्यने हरलो. रेनिशा एकदाही पडली नाही. जहाजावरचा पाहुणा पूर्ण वेळ बाजूच्या रेषेवर ओरडत होता. त्याने बुटांकडे बघितलंसुद्धा नाही. चांगल्या बुटाची माझ्या मते हीच खूण. जाताना त्याने सरांना विचारलं, कपाटात कुठले नंबर कमी आहेत.

ते बोंबलांशेजारचं वाळवण तेवढं बंद केलं. बूट सावलीत, आत कागद भरून वाळवायचा. त्यासाठी कागद चालतो.

तेव्हापासून शाळेची ऑर्डर मी नंबरावर घेत नाही. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारून आणा, असं सांगते. रेघेत कोण काय वाढवणार? गेल्या महिन्यात एका शाळेचे तीस कागद आले. त्यातल्या सहा पावलांचे अंगठे बघितले आणि सरळ फोन उचलला. रेघ अंगठ्यापाशी थांबली होती आणि पुढे कोणीतरी, वेगळ्या पेन्सिलीने, अर्धा इंच पाय वाढवला होता.

आता कागदही बंद. मुलांना घेऊन या म्हणते, नाहीतर मी येते.