एकशे चार घोडे

मानकोली नाक्याजवळ आमचा वजनकाटा आहे. जमिनीचा मोठा भाग गोदामांना भाड्याने गेला, तो व्यवहार माझा मोठा भाऊ बघतो. रस्त्यालगत तुकडा उरला होता, त्यावर वडिलांनी काटा बसवला आणि गेली नऊ वर्षं तो मी चालवते. ट्रक आधी रिकामा काट्यावर येतो, मग माल भरून. रोज एखादा ड्रायव्हर म्हणतोच, "मॅडम, खाली का वजन पिछली बार का डाल दो ना, लाइन लंबी है." मी टाकत नाही. शिव्या खाते, पण रिकामा ट्रक काट्यावर घ्यायलाच लावते.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या कमाईतून गाडी घेतली. तीन वर्षं वापरलेली, टर्बो इंजिनची लाल सेडान. पेडल दाबलं की पाठ सीटला चिकटायची. आईला ती मुळीच आवडली नाही. "पोरीला एवढी पलनारी गारी कशाला?" म्हणाली. दादाला मात्र उत्साह आला. त्याच्याकडे तसलीच एक गाडी होती, तिच्या संगणकातला प्रोग्राम बदलून त्याने ताकद वाढवून घेतली होती. मॅप मारणं म्हणतात त्याला. त्याच्या मित्रांचा सात-आठ जणांचा फेसबुकवर ग्रुप होता, कोणालाही बघता येईल असा; सगळ्यांच्या गाड्या अशाच. त्यात मलाही घेतलं.

"माझे चाळीस घोडे वाढले," दादा सांगायचा. घोडे म्हणजे हॉर्सपॉवर.

"आधी किती होते?" मी एकदा विचारलं.

"कंपनी दीडशे सांगते."

"तू मोजलेस का?"

"मोजायचं काय त्यात? चालवली की कळतं."

मला तेव्हाच खटकलं. मॅप मलाही हवा होता, पण मी ठरवलं, आधी मोजायचं. दादा म्हणाला, "उगाच पैसे घालवू नको." मी म्हटलं, "माझेच आहेत."

दादाने जिथे काम करून घेतलं होतं, तो गॅरेजवाला वळ गावाच्या मागे एका गाळ्यात बसायचा. त्याच्याकडे जमिनीत बसवलेलं रोलरचं मशीन होतं, डायनो. गाडीची पुढची चाकं रोलरवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकांपर्यंत किती ताकद पोहोचते, ते पडद्यावर दिसतं. मे महिन्यातली सकाळ होती, पत्रे तापले होते. दादा दोन मित्रांना घेऊन मजा बघायला आला होता.

"मॅडम, आधी कोणी लावत नाही," गॅरेजवाला म्हणाला. "थेट मॅप टाकू, मग रोलरवर घेऊ. आकडा मोठा येतो, फोटोला बरा दिसतो."

"मला फोटो नकोय. आधी मोजा."

त्याने दादाकडे बघितलं. दादाने खांदे उडवले. त्या बघण्याचा मला इतका राग आला की मी गाडीची चावी मुठीत घट्ट धरून ठेवली. "गाडी माझी आहे, माझ्याशी बोला," म्हटलं.

गाडी बांधली गेली, समोर मोठा पंखा सुरू झाला. चौथ्या गियरमध्ये टाकून त्याने पेडल पूर्ण दाबलं. बांधलेली गाडी जागेवर किंचाळायला लागली. मग आवाज खाली आला आणि पडद्यावर आकडा आला. एकशे चार.

मित्र हसले. एक म्हणाला, "रिक्षा घेतली असती तर पेट्रोल तरी वाचलं असतं!"

दादा माझ्या कानाशी आला. "बास झालं आता. इज्जत काढलीस. हा कागद कोणाला दाखवू नको."

"परत लावा," मी गॅरेजवाल्याला म्हटलं.

दुसऱ्यांदा एकशे तीन. इंजिन थंड होऊ दिलं, तिसऱ्यांदा पुन्हा एकशे चार. म्हणजे मशीन चुकत नव्हतं. कंपनीचे दीडशे इंजिनवरचे असतात, चाकांपर्यंत येताना थोडे गळतात, हे मला माहीत होतं. पण एवढे? मी पडद्यावरची ताकदीची रेघ बघितली. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत ती छान चढत होती आणि मग मान टाकत होती.

"ही इथे का वाकते?"

"जुनी गाडी आहे मॅडम. मॅपने भरून निघेल."

"कुठे कमी पडतंय ते न बघताच भरून निघेल?"

तो चिडला, पण बॉनेट उघडलं. मीही वाकले. टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपाखाली हात घातला तर बोटं तेलकट झाली. बाकी सगळीकडे कोरडी धूळ होती. मी बोटं त्याच्यापुढे धरली. त्याने टॉर्च मारला. पाइपाची क्लिप सैल पडली होती. जोर आला की हवा इंजिनात जाण्याऐवजी तिथून निसटत होती.

नवी क्लिप बसवली, पुन्हा रोलर. एकशे सत्तावीस.

आता कोणी हसलं नाही. गॅरेजवाल्याने दोन्ही कागद छापून माझ्या हातात दिले आणि सरळ म्हणाला, "मी न मोजता मॅप मारला असता आणि जाता जाता ही क्लिप बदलली असती, तर हे तेवीस माझ्या नावावर गेले असते." त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या बाकीच्या गोष्टी माफ केल्या.

परतताना दादा माझ्या शेजारी बसला होता. राहनाळ गाव आल्यावर त्याने खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "मुद्दाम केलंस. माझ्या मित्रांसमोर."

"तुझी गाडी पण लाव ना रोलरवर."

"आता काय उपयोग हाय? आधीचा आकडाच न्हाय माझ्याकडं."

हे तो स्वतःच बोलला. मला वाईट वाटलं, पण माफी मागावी असं वाटलं नाही.

संध्याकाळी मी चारही वेळचे आकडे, क्लिपचा फोटो आणि दोन्ही कागद ग्रुपवर टाकले. महिन्याभराने मॅप मारून घेतला, तेव्हा एकोणीस वाढले. तेही टाकले. चाळीस नाही, एकोणीस. मला ते पुरेसे आहेत, कारण ते खरोखर आहेत.

नंतर ग्रुपमधल्या एकाने फोन केला, रिक्षाचा विनोद करणारा तोच. त्याला गाडी विकायची होती. "ताई, ते कागद काढ ना ग्रुपवरून. ते बघून गिऱ्हाईक माझ्याकडे आधीचा आकडा मागतंय. दादालाही बरं वाटेल."

"दादाशी मी बोलेन," मी म्हटलं. "कागद राहतील तिथेच."

त्याने फोन आपटला. दादा पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही, मग एका सकाळी काट्यावर येऊन चहा पिऊन गेला. कागद अजून ग्रुपवर आहेत.