नीताला घेऊन बंगळूरला

मिरज स्टेशनवर आम्हाला पोचवायला अख्खं घर आलं होतं. १९९१चा जून. माझी धाकटी बहीण नीता खिडकीशी बसली होती. तिला डब्यात चढवताना बाबांनी उचलून घेतलं होतं, कारण वर्षभरापासून तिला पायऱ्या चढता येत नव्हत्या. जमिनीवरून उठताना ती स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभी राहायची. आठ वर्षांची होती. मी तेरा. गाडी हलली तेव्हा आजोबा, आमचे आप्पा, बाबांना म्हणाले, "पोरीला बरी करूनच आण." बाबांनी मान हलवली.

तुम्ही सगळी चुलत भावंडं त्या फलाटावर होतात. तुमच्यातले काही पुढे पुण्याला, दुबईला गेलेत, तेव्हा गाव सोडणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. पण माझी आई, तुमची काकू, मिरजेला का येत नाही, असं तुम्ही अजूनही विचारता. आजवर मी काहीबाही सांगत आले. आता जे झालं ते लिहिते.

बाबा इंजिनिअर होते हे तुम्हाला माहीत आहे. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी मुद्दाम नोकरी मिळवली, कारण स्नायूंच्या आजारावरचं मोठं इस्पितळ त्या शहरात होतं. यंत्रावर काम चालू असताना वस्तू, ज्याला ते 'जॉब' म्हणायचे, ती तसूभरही हलू नये म्हणून तिला धरून ठेवणारे साचे ते बनवायचे. आम्ही शहराबाहेर येलहंक्याला तळमजल्यावर घर घेतलं. पहिल्याच रविवारी त्यांनी नीताच्या खांद्याच्या उंचीवर मोरीपर्यंत लोखंडी कठडा बसवला. वर्षभर ती त्याला धरून चालली. मग हात वर जाईनात, तेव्हा त्यांनी कठडा खाली घेतला. मग पाय थांबले, तेव्हा सायकलची चाकं लावून खुर्ची केली. पुढे पाठ वाकायला लागली, तर खुर्चीला पाठीचा नवा आधार. दर काही महिन्यांनी ते टेप घेऊन तिची मापं घ्यायचे. ती हसून म्हणायची, "बाबा, मी तुमचा जॉब आहे का?" केलेली वस्तू हाताला सवयीची होईपर्यंत आजार तिच्या पुढे गेलेला असायचा.

आईला बंगळूर कधी आवडलं नाही. भाजीवाल्याशी बोलायला 'स्वल्प', 'साकु', 'सरी', म्हणजे थोडं, पुरे, बरं, एवढे कानडी शब्द तिनं उचलले, तेही रागावल्यासारखे उच्चारायची. शेजारच्या जयाक्का प्रेमळ होत्या, रोज डोकावायच्या, पण दोघींची भाषा तीन वाक्यांत संपायची. आई दिवसभर नीताचे हातपाय तेलानं चोळायची, व्यायाम करून घ्यायची, गोळ्यांच्या वेळा सांभाळायची. पत्रात आप्पांना लिहायची, "थोडा गुण आहे."

१९९४मध्ये बाबांना पुण्याच्या एका खासगी कंपनीनं बोलावलं. हुद्दा मोठा, मिरज पाच-सहा तासांवर. आईनं त्या संध्याकाळी शिरा केला. बाबांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "आपल्याला जाता येणार नाही. नीताचं औषध इथं आहे."

"पुण्यात डॉक्टर नाहीत का?"

"असा नाही."

आई ताट उचलून आत गेली. पुढल्या वर्षी आप्पा गेले. बाबा एकटेच मिरजेला आले होते, तुम्हाला आठवत असेल. नीताला आणि तिच्यामुळे आम्हालाही प्रवास नको, असं त्यांनी ठरवलं.

१९९६मध्ये मी कॉलेजात होते. बाबांना ताप आला म्हणून नीताला इस्पितळात मी घेऊन गेले. तपासणी झाल्यावर तिला बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं, की औषध बदलून पाहता येईल का. त्यांनी फाइल चाळली आणि माझ्याकडे पाहिलं. "वडिलांनी सांगितलं नाही? या आजारावर औषध नाही. या गोळ्या ताकदीच्या आहेत. आम्ही पहिल्याच महिन्यात त्यांना हे सांगितलंय."

पहिल्याच महिन्यात. म्हणजे पाच वर्षांपूर्वी.

रविवारी सकाळी बाबा अंगणात स्कूटर पुसत होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" त्यांचा हात थांबला.

"मी परतीची तिकिटं काढायला गेलो होतो," ते म्हणाले. "रांगेत उभा होतो. मग वाटलं, तिथं नेली की रोज कुणीतरी येऊन तिच्याकडे बघून हळहळणार. इथं ती शाळेत जाते. इथं तिला कुणी ओळखत नाही."

"आणि आई?"

"तिला वाटतंय गुण येईल, म्हणून ती उभी आहे. तू काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. अठराव्या वर्षी मी त्यांच्या बाजूची झाले. त्यानंतर आई नीताचे पाय चोळायला बसली की मी खोलीतून निघून जायची.

बाबांना दोष देता येत नाही, तीच अडचण आहे. नीताच्या शाळेची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. आठवड्यातून दोनदा ते जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून स्कूटरवर यायचे, तिला पाठीवर घेऊन वर न्यायचे, तास संपेपर्यंत जिन्यात बसायचे आणि खाली आणून परत जायचे. बढती दोनदा हुकली. त्यांचा डबा कित्येकदा तसाच घरी यायचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि हाच माणूस रोज सकाळी आईला विचारायचा, "गोळी दिलीस का?"

शेवटच्या वर्षी एकदा मी नीताची वेणी घालत होते. ती म्हणाली, "ताई, मी लायब्ररीच्या पुस्तकात वाचलंय माझ्याबद्दल. बाबांना सांगू नकोस हं, मला माहीत आहे म्हणून. त्यांना वाईट वाटेल." मी वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

१९९८च्या जानेवारीत तिच्या छातीत कफ झाला. तो खोकून काढण्याइतकी शक्ती तिच्यात राहिली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. पंधरा वर्षांची होती.

तेराव्यानंतर आई मला म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं. मध्ये दोन महिने व्यायामात खंड पडला ना." ती हे रोज म्हणायला लागली. ऐकवेना, म्हणून एका दुपारी मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, तिचं ओझं उतरेल. ती एवढंच म्हणाली, "पुण्याच्या वेळीही माहीत होतं यांना?" मी हो म्हटलं.

ती भांडली नाही. बाबांना वेळेवर जेवायला वाढायची, त्यांचे कपडे काढून ठेवायची. पण कामापलीकडचं एक वाक्य ती त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. बाबांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. ती उठून गेली. वर्षभरात कारखान्यानं माणसं कमी केली, बाबाही घरी बसले. एकदा ते म्हणाले, "चल, आता मिरजेला जाऊ कायमचे." आई म्हणाली, "तुम्ही जा." ते गेले, तुमच्याकडे आठ दिवस राहिले आणि परत आले. सात वर्षं तसेच, एका घरात दोघं गप्प. मग झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

आता आई माझ्याकडे, बंगळूरमध्येच के. आर. पुरमला असते. गेल्या दिवाळीत तुमचा फोन येऊन गेल्यावर मी तिला म्हटलं, "आता तरी चल. तुझी माणसं आहेत तिथं." ती मटार सोलत होती.

"यांनी विचारलं असतं तर मी रडले असते, भांडले असते," ती म्हणाली, "आणि मग नीतासाठी इथंच राहिले असते. मला विचारायला हवं होतं."

मग तिनं शेंगा माझ्याकडे सरकवल्या.

तेव्हा, काकू येणार नाही. नीताला आणि बाबांना ज्या शहरात आम्ही अखेरचं पोचवलं, ते तिला कधीच आवडलं नाही आणि ते सोडून जाणंही तिला जमत नाही. घर म्हणून आमच्याकडे आता एवढंच उरलंय. मलाही दुसरं काही सांगता येत नाही. कुणी विचारलं, तुमचं गाव कुठलं, तर मी मिरज म्हणते, आणि तिथं कधी जाता असं पुढे विचारलं की विषय बदलते.