गव्हर्नरांना दिलेलं पाकीट

शनिवार, १८ ऑक्टोबर १९८६. रक्कम पाचशे एक डॉलर, रोख. हजर: आमच्या राज्याचे गव्हर्नर, त्यांची एक मदतनीस, एका स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, मराठी मंडळाचे अध्यक्ष, मी, माझी बायको, आमची मुलगी आणि शाळेच्या हॉलमधल्या खुर्च्यांवर बसलेली वीस कुटुंबं. पंचवीस डॉलर प्रत्येक कुटुंबाचे आणि वरचा एक अध्यक्षांचा.

दसऱ्याच्या कार्यक्रमाला गव्हर्नर येणार हे ठरलं तेव्हाच मला शंका आली. वीस कुटुंबांच्या मंडळात, निवडणूक तोंडावर असताना, एवढा मोठा माणूस साबुदाण्याची खिचडी खायला येत नाही. अध्यक्ष घरं विकण्याचा धंदा करत. ते म्हणाले, "अहो, ओळखी असतात. तुम्ही फक्त या आणि बसा."

मी गव्हर्नरांच्या प्रचाराची पुस्तिका आणून वाचली. वडील दुधाचा ट्रक चालवत. मुलगा रात्रशाळेत वकिली शिकला, मग जिल्ह्याचा सरकारी वकील, मग खालचं सभागृह, वरचं सभागृह आणि आता गव्हर्नरपदाची चार वर्षं. सगळं कसं पायरीपायरीने चढलेलं. मी गावच्या लायब्ररीत जाऊन जुनी वर्तमानपत्रं चाळली. वडील ट्रक चालवत हे खरं होतं, पण ट्रक त्यांचे स्वतःचे होते, तीन, आणि डेअरीही त्यांचीच. खोटं काही नव्हतं. अर्धं सांगितलं होतं. मला पूर्ण खोट्यापेक्षा अर्ध्या खऱ्याचा जास्त संशय येतो.

एरवी मी घरीच बसलो असतो. पण बायकोचं काम होतं. ती नागपूरची बी. फार्म. इथे नऊ वर्षं औषधांच्या दुकानात गल्ल्यावर उभी, कारण परदेशी पदवी असलेल्यांना या राज्यात फार्मासिस्टच्या परीक्षेलाच बसता येत नव्हतं. त्या वर्षी ते बसू देणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन गव्हर्नरांच्या सहीसाठी गेलं होतं. अध्यक्षांनी तिला शब्द दिला होता, "वहिनी, सत्कार झाला की तुमची दोन मिनिटं. मी स्वतः भेटवतो."

आता पाकिटाचं. पाहुण्याला आपण शाल, श्रीफळ आणि पाकीट देतो. पुण्याहून आलेल्या गायकाला दिलं, कीर्तनकारांना दिलं, तसं गव्हर्नरांनाही द्यायचं ठरलं. कुणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही. मलाही नाही. माझी शंका दुसरीच होती. आदल्या वर्षी गायकाचं पाकीट अध्यक्षांनी पडद्यामागे दिलं होतं. आत किती होते ते अध्यक्षांना ठाऊक आणि गायकाला.

"यंदा स्टेजवर द्या," मी म्हणालो. "आणि रक्कम माइकवर सांगा."

"पैसे स्टेजवर बरे दिसत नाहीत हो."

"पडद्यामागे त्याहून वाईट दिसतात."

"तुम्हाला ना, स्वतःच्या सावलीचीसुद्धा पावती लागेल!" सगळे हसले. पण माझ्या बाजूने पाच-सहा जण बोलले आणि तसं ठरलं.

गव्हर्नर वेळेवर आले. उंच, खांदे थोडे वाकलेले, हात मिळवताना दुसरा हात समोरच्याच्या कोपरावर ठेवण्याची सवय. त्यांनी ट्रकची गोष्ट सांगितली. तीन ट्रकांची नाही, एकाची. अध्यक्षांनी शाल घातली, सुपरमार्केटमधला बिनशेंडीचा नारळ हातात दिला आणि पाकीट पुढे करून माइकवर इंग्रजीत जाहीर केलं, "फाइव्ह हंड्रेड अँड वन डॉलर्स, कॅश!"

हॉलमध्ये टाळ्या. फोटोग्राफरने कॅमेरा वर केला आणि फ्लॅश उडाला.

गव्हर्नरांचा पुढे आलेला हात तसाच मागे गेला. हसू चेहऱ्यावर होतं, पण डोळ्यांतलं गेलं होतं. मदतनीस बाई झपझप स्टेजवर आल्या, दोन बोटांनी पाकीट उचललं आणि सगळ्यात जवळ मी होतो म्हणून माझ्या हातात दिलं. "सर, सगळ्यांसमोर मोजा, प्लीज."

मी मोजले. पाचशे एक.

गव्हर्नर माइककडे वळले. म्हणाले, "मी सरकारी वकील होतो तेव्हा एका महापौराला शिक्षा झालेली पाहिली आहे. त्याच्या पाकिटात याहून कमी होते. तुमचा मान मी ठेवतो, शालही आवडली. पैसे नाही." लोक हसले. ते हसले नाहीत. शालही त्यांनी निघताना खुर्चीवरच ठेवली, नारळाशेजारी.

बायको पहिल्या रांगेतून उठली. नारायणपेठ नेसली होती, पदवीचा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये धरला होता. मदतनीस बाईंनी विचारलं, "कशासंदर्भात?" बायकोने विधेयकाचा नंबर सांगितला. बाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे. "सहीसाठी पडलेल्या विधेयकावर आज ते कुणाशीही बोलणार नाहीत. आय ॲम सॉरी, मॅम." एवढंच. पाचव्या मिनिटाला त्यांची गाडी निघून गेली.

परतताना गाडीत तिने पदवीचा फोल्डर मांडीवर घेतला. मग म्हणाली, "अहो, अध्यक्षांचा हिशेब तपासायला दुसरा दिवस नव्हता का तुम्हाला?"

"पडद्यामागे दिले असते तर लाच झाली असती. उघड्यावर होते म्हणून परत आले."

"मला ते काही सांगू नका. माझी दोन मिनिटं गेली."

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, ही वॉज स्केअर्ड ऑफ अस."

पैसे मी त्याच आठवड्यात घरोघरी जाऊन परत केले. अध्यक्षांनी आपला एक डॉलर घेतला आणि म्हणाले, "आता झोप लागेल ना?"

विधेयकाची मुदत निवडणुकीच्या आठवड्यात संपत होती. गव्हर्नरांनी सही केली नाही, नाकारलंही नाही. मुदत संपली आणि आमच्या राज्याच्या नियमाप्रमाणे ते सहीविनाच कायदा झालं. दोन दिवस आधी ते पुन्हा निवडून आले होते. अध्यक्ष सांगत सुटले, "सत्काराचा परिणाम!" मला वाटतं, सही केली असती तर कुणी तो पाकिटाचा फोटो बाहेर काढून दाखवला असता आणि नाकारलं असतं तर त्यांनाच बरं वाटलं नसतं. किंवा मला त्यांच्याबद्दल उगीच चांगलं वाटून घ्यायचं असेल. ते नंतर राजधानीतून निवृत्त झाले, त्यांच्यावर कधी काही शाबित झालं नाही आणि ट्रक शेवटपर्यंत एकच राहिला. नक्की काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

बायकोला त्यात रस नव्हता. "सही कुणाची का नसेना," ती म्हणाली आणि अभ्यासाची पुस्तकं मागवली. फॉर्म भरायच्या दिवशी मी चेकबुक काढलं, तर तिने ते माझ्यासमोरून बाजूला सरकवलं. परीक्षेची फी एकशे पंचाहत्तर डॉलर, राज्याच्या फार्मसी बोर्डाला, गल्ल्यावरच्या पगारातून, चेक तिच्या स्वतःच्या खात्याचा.