आबांच्या फोनवरचा ओटीपी

मी मीच आहे, हे सरकारला पटवायचं तर मला आधी आबांना फोन लावावा लागे. आबा म्हणजे असोद्याला आमच्या घरासमोर राहणारे म्हातारे शेजारी. नातं काही नाही. मी लहान असताना शाळेत आधारचं शिबिर लागलं, तिथल्या माणसाने आईला मोबाईल नंबर विचारला. आमच्या घरचा एकुलता मोबाईल वडिलांच्या खिशात, केळीच्या बागेत आणि बहुतेक वेळा बंद. आईने बिनदिक्कत आबांचा नंबर दिला. गल्लीतल्या निम्म्या बायकांनी तोच दिला. सगळ्यांचे फोन तसेही आबांकडेच यायचे आणि आबा ओट्यावरून हाका मारायचे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना यात काही अडचण आली नाही. पोर्टल उघडायला ओटीपी लागे, मी गल्ली ओलांडून आबांच्या ओट्यावर जाऊन बसे. पण त्या उन्हाळ्यात आबा धुळ्याला मुलाकडे राहायला गेले, आणि माझं आधार त्यांच्या खिशातून धुळ्याला गेलं.

दुसऱ्या वर्षी वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. भावाचं पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष होतं आणि दोघांची पूर्ण फी त्यांना झेपणार नव्हती. "अर्ज मंजूर झाला तं शीक. नाही तं एक साल घरी थांब," एवढंच म्हणाले. रागाने नाही, बागेला पाणी सोडायची पाळी सांगावी तसं. कॉलेजनेही अर्जाच्या भरवशावरच प्रवेश दिला होता. अर्ज फिसकटला तर फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म नाही, हे खिडकीवरच्या क्लार्कने मान वर न करता ऐकवलं होतं.

मी सेतू केंद्रात जाऊन बसले. तिथल्या भाऊंनी माहिती टाकली, ओटीपी पाठवला आणि मी आबांना फोन लावला.

"आबा, तुमच्या फोनवर आता एक नंबर आला असेल, तेवढा सांगा ना."

"सांगत नाही," आबा म्हणाले. "बँकेतल्या बाईनं सांगेल हाये, नंबर आला तं कोन्हाले सांगू नोको. सख्ख्या पोराले भी नाही."

"अहो आबा, मी बोलतेय! समोरची!"

"ते लोकं भी असंच म्हनता," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन कापला.

मी कपाळावर हात मारून घेतला. देशभर लोक कुणालाही ओटीपी सांगून लुटले जात होते, आणि ती सूचना मनावर घेणारा एकच माणूस नेमका माझ्या वाट्याला आला होता. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलायलाही गेले. एकदा मशीन बंद होतं, एकदा मशीन चालू आणि माणूस जेवायला गेलेला, आणि तिसऱ्यांदा मिळालेली तारीख फॉर्मच्या शेवटच्या तारखेनंतरची. उपाय एकच उरला. सगळे दाखले पिशवीत घालून मी एसटीने धुळ्याला गेले.

दार आबांच्या सुनेने उघडलं. "बठ्ठा कागद लई उनी ना, माय?" सगळे कागद आणलेस ना, असं तिने विचारलं आणि पाणी दिलं. आबांनी चष्मा लावून मला नीट न्याहाळलं. "हां, आता सांगतो. आता तोंड पाह्यलं." मी माझ्या फोनवर पोर्टल उघडून ओटीपी पाठवला आणि ते मेसेज शोधू लागले. वर रिचार्जच्या जाहिराती, मध्ये कुणाच्या तरी गॅसचा नंबर, खाली माझा ओटीपी. ते एकेक आकडा वाचेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदा त्यांनी गॅसचाच नंबर वाचला. तिसऱ्यांदा जमलं, तर दाखला चढेना, कारण पोर्टलला फाईल लहान हवी. मी शेजारच्या दुकानात जाऊन उत्पन्नाचा दाखला लहान करून आणला, अजून लहान करून आणला, आणि चौथ्या ओटीपीला अर्ज एकदाचा गेला. आबांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

पुढचे दोन महिने मी त्या अर्जाच्या मागावर होते. अर्ज कुठवर पोचला हे बघायचं तरी लॉगिन, लॉगिन करायचं तर ओटीपी, आणि ओटीपी धुळ्याला. दर आठवड्याला तिकडे कोण जाणार? म्हणून मी खिडकीवर विचारत असे. "प्रोसेसमध्ये आहे," क्लार्क म्हणायचा. काही झालं तर? "मेसेज येईल." सोमवारी प्रोसेसमध्ये, गुरुवारी प्रोसेसमध्ये. मी त्या शब्दावर विसंबले. आधारचा नंबर तेवढ्यात बदलून घ्यायला हवा होता, पण फॉर्म गेला म्हणजे सुटले असं वाटून मी टाळत राहिले. ही चूक माझीच, ती मी कुणावर ढकलत नाही.

मग एक दिवस नोटीस बोर्डावर परत आलेल्या अर्जांची यादी लागली आणि तिच्यात मी होते. कारण, उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. अरे, तुम्हीच लहान करायला लावलात ना! दुरुस्तीची मुदत परवाच संपली होती. मी खिडकीवर अक्षरशः ओरडले. क्लार्कने पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाला, "मेसेज गेला होता. तुमच्याच नंबरवर."

मी तिथूनच आबांना फोन लावला. मी संतापले होते, दोन महिन्यांचा राग त्यांच्यावर काढायचाच असं ठरवलं होतं.

"आबा, माझ्या नावाचा मेसेज आला होता का?"

"आलता ना. तीन डाव आलता," आबा म्हणाले. आवाज खाली आणून, अगदी अभिमानाने पुढे म्हणाले, "पन मी कोन्हाले सांगलं नाही. घरात भी नाही. तुहं काई जाऊ देनार नाही मी."

बरं केलंत आबा, असं काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला आणि घरी येऊन वडिलांना सांगितलं.

त्या वर्षी मी परीक्षेला बसले नाही. भाऊ पास झाला. मी नंबर बदलून घेतला, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला आणि तो मंजूर झाला. दिवाळीला आबा गावी आले, तेव्हा त्यांनी मला ओट्यावरून हाक मारली आणि विचारलं, "काय व, भेटली का मंग शिष्यवृत्ती?"

"भेटली, आबा," मी म्हणाले. कोणत्या वर्षाची, ते त्यांनी विचारलं नाही.